‘अमेरिकन हनी’ : धोका नक्की कुठल्या गाडीत आहे?

लांबी आधीच सांगून टाकलेली बरी: १६३ मिनिटं. ‘अमेरिकन हनी’ अर्ध्यात बंद करणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते. तीच व्हॅन, तसलंच मोटेल, पुन्हा एक गाव, पुन्हा एक गाणं, आणि घडत तर काहीच नाही. तक्रार अगदीच खोटी नाही, तिच्याकडे पुढे येऊच. पण वाट चुकलेल्या पोरांच्या भटकंतीचा सिनेमा म्हणून पाहायला बसलं की फसगत होते. हा सिनेमा एका धंद्याचा आहे. भटकंती हा त्या धंद्याला लागणारा कच्चा माल आहे.

अँड्रिया अर्नल्ड ही ब्रिटिश दिग्दर्शिका. ‘रेड रोड’ (२००६), ‘फिश टँक’ (२००९) आणि २०१६ चा हा, अशा तीन सिनेमांसाठी तिला कान महोत्सवात ज्युरी पुरस्कार मिळाला आहे. गोष्ट, माणसं, रस्ते सगळं अमेरिकेचं असलं तरी त्या वर्षीच्या ब्रिटिश स्वतंत्र चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन आणि अभिनेत्री हे तिन्ही याच सिनेमाने नेले. खर्च सुमारे ३५ लाख डॉलर सांगितला जातो. अमेरिकेत एवढ्या पैशांत बनणारा सिनेमा छोटाच म्हणायचा. अमेरिकेत तो ‘ए ट्वेंटीफोर’ कंपनीने सप्टेंबर २०१६ च्या अखेरीस लावला.

ओक्लाहोमातल्या मस्कोगी गावची स्टार, वय १८. पहिल्याच दृश्यात ती सुपरमार्केटमागच्या कचऱ्याच्या लोखंडी पेटीत उतरून खाण्याजोगं काही मिळतंय का ते चाचपतेय. पाकीटबंद कोंबडी सापडते, ती खाली उभ्या असलेल्या पोराकडे फेकते. दोन लहान मुलं बरोबर आहेत, ती तिची कोण हे चटकन कळत नाही. घरी एक पुरुष आहे, त्याचा हात कुठे जातो तेवढं दाखवून कॅमेरा वळतो. तेवढ्यात रस्त्यावरून पोरांनी खच्चून भरलेली पांढरी व्हॅन जाते आणि समोरच्या मोठ्या दुकानात शिरते. स्टारही मागोमाग आत जाते. दुकानात रिहानाचं ‘वी फाउंड लव्ह’ वाजू लागतं, जेक नावाचा पोरगा पैसे द्यायच्या काउंटरवर चढून नाचतो, हाकलला जातो, आणि बाहेर पार्किंगमध्ये तिला नोकरी देऊ करतो. दारोदार जाऊन मासिकांच्या वर्गण्या गोळा करायच्या.

नोकरी देण्याची ही तऱ्हा डोक्यात पक्की ठेवावी. स्टारला वाटतं तिला जेकने निवडलं. क्रिस्टल, म्हणजे या टोळीची मालकीण, तिला मोटेलच्या खोलीत बोलावून तुझी आठवण काढणारं मागे कुणी आहे का, असं विचारते आणि नाही म्हटल्यावर कामावर घेते. प्रश्न मायेचा वाटतो. प्रत्यक्षात ती भरतीची अट आहे. ज्याला शोधत कुणी येणार नाही, असाच माणूस या धंद्यात चालतो.

हे अर्नल्डच्या कल्पनेतून आलेलं नाही. २००७ च्या फेब्रुवारीत ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये आयन अर्बिना यांनी अशा फिरत्या टोळ्यांवर सविस्तर लिहिलं होतं, सिनेमाचं बीज तिथलं. अमेरिकेत यांना ‘मॅग क्रू’ म्हणतात. पद्धत साधारण अशी: १८ ते २५ च्या आसपासची, घर सुटलेली पोरं गोळा करायची. सकाळी एखाद्या वस्तीत व्हॅनमधून उतरवायची, रात्री उचलायची. गिऱ्हाईक मासिकाच्या वर्गणीचे पैसे तिथल्या तिथे देतं, अंक मात्र काही महिन्यांनी सुरू होतात (झाले तर). पैसे मुकादमाकडे जमा होतात. पोराच्या हातात रोजच्या खाण्यापुरते थोडे डॉलर पडतात, बाकी सगळं ‘वहीत’. मोटेलचं भाडं, प्रवास, दंड याच वहीतून वजा. महिनाभर राबल्यावर वही उघडली तर पोरगं उलट देणेकरी निघतं. आपल्याकडच्या उचलीचा हिशोब ज्यांनी पाहिलाय त्यांना हे गणित वेगळं समजवायला नको.

हे राजरोस चालतं, त्यालाही कारण आहे. ही पोरं कागदावर कामगार नसतातच, ‘स्वतंत्र कंत्राटदार’ असतात. आणि कामगार ठरली तरी अमेरिकेच्या १९३८ च्या केंद्रीय श्रम कायद्यात बाहेर फिरून विक्री करणाऱ्यांना किमान वेतन आणि जादा कामाचा भत्ता या दोन्ही तरतुदींतून वगळलेलं आहे. गिऱ्हाइकाला थोडं संरक्षण आहे: घरी येऊन केलेली २५ डॉलर किंवा त्याहून मोठी विक्री कामकाजाच्या तीन दिवसांत रद्द करता येते. दारात उभ्या असलेल्या पोराला असं काहीच नाही.

आता सिनेमा पाहताना क्रिस्टलच्या हाताकडे लक्ष ठेवा. नोटा मोजणारा हात कायम तिचा असतो. रायली किओने हे काम इतकं थंडपणे केलंय की ओरडण्याची गरजच पडत नाही. सगळ्यात नेमका प्रसंग मोटेलच्या खोलीतला. विक्री घसरली म्हणून स्टारला समोर उभं केलंय, क्रिस्टल बंडखोर संघराज्याच्या, म्हणजे गुलामगिरी टिकवण्यासाठी अमेरिकेतून फुटू पाहणाऱ्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या, झेंड्याची बिकिनी घालून बसली आहे, बिकिनीला किमतीचं लेबल तसंच लटकतंय, आणि जेक खाली बसून तिच्या पायांना तेल चोळतोय. जेक स्टारचा प्रियकर व्हायच्या बेतात आहे. इथे तो मालकिणीचा गडी आहे. सत्तेची उतरंड कुणीही तोंडाने सांगत नाही, कोण कुठे बसलंय त्यावरून कळते. ते लेबल काढायचं राहून गेलंय की झेंडा वापरून दुकानात परत करायचाय, हेही आपण ठरवायचं.

चौकटीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सिनेमाचं अर्धं यश तिथे आहे. रस्त्यावरचे सिनेमे सहसा आडव्या, लांबलचक पडद्यावर घडतात. क्षितिज पसरलेलं, मधोमध चिमुकली गाडी. अर्नल्ड आणि तिचा नेहमीचा छायाचित्रकार रॉबी रायन यांनी इथे १.३७ : १ हे जुन्या काळचं, चौकोनाकडे झुकणारं प्रमाण निवडलं. परिणाम तीन होतात. पहिला, चेहरा पडदा व्यापतो, आजूबाजूला पळायला जागा उरत नाही. दुसरा, आडवं क्षितिज कापलं जातं आणि डोक्यावरचं आभाळ वाढतं. ओक्लाहोमा-कॅन्ससच्या सपाट मुलखात याचा असर वेगळाच होतो, पोरं मोकळ्यावर असूनही विहिरीच्या तळाशी उभी असल्यासारखी दिसतात. तिसरा परिणाम कारागिरीचा आहे. या चौकटीत व्हॅनमधली दोन माणसं जवळून शेजारी-शेजारी बसवता येत नाहीत. मग कॅमेरा एकावरून दुसऱ्यावर वळवावा लागतो, आणि तो वळण्याला जो क्षणभर वेळ लागतो त्यात चोरून पाहण्याची लय येते. स्टार आणि जेक यांच्यातली ओढ संवादांपेक्षा या वळण्यातून जास्त कळते.

कॅमेरा जवळजवळ कायम हातात आहे आणि बहुतेक वेळ स्टारच्या खांद्यालगत. तिला जे दिसत नाही ते आपल्यालाही दिसत नाही. जेक दुसऱ्या खोलीत काय करतोय, क्रिस्टलशी त्याचं काय ठरलंय, हे आपल्यालाही तिच्याइतकंच उशिरा कळतं. हलत्या कॅमेऱ्याचा त्रास होणाऱ्यांनी मोठ्या पडद्यापासून जरा लांब बसावं, पहिला अर्धा तास सर्वात वळवळता आहे.

माणसं निवडण्याची अर्नल्डची रीत जुनीच आहे. ‘फिश टँक’ची नायिका तिला रेल्वे स्टेशनवर प्रियकराशी भांडताना सापडली होती. साशा लेन, म्हणजे इथली स्टार, फ्लोरिडातल्या पनामा सिटीच्या किनाऱ्यावर, कॉलेजच्या सुट्टीत आलेल्या गर्दीत सापडली. आधी कधी कॅमेऱ्यासमोर उभी न राहिलेली. टोळीतली बहुतेक पोरंही अशीच रस्त्यांवरून, पार्किंगमधून वेचलेली. नावाजलेले मोजकेच: शाया लबफ, रायली किओ, आणि पाहुण्यासारखा येऊन जाणारा विल पॅटन. टोळीतली पेगन झालेली एरियल होम्स सिनेमात नवी नव्हती, पण ती स्वतः न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर राहिलेली मुलगी. ‘स्टार वॉर्स’मधला खलनायक डार्थ व्हेडर याच्या मुखवट्याखाली शेवटी हाडांचा सापळाच आहे असं ती ज्या निर्विकारपणे समजावते, ते कुणी लिहून दिल्यासारखं वाटत नाही.

चित्रीकरण २०१५ च्या उन्हाळ्यात, गोष्टीच्याच क्रमाने, मस्कोगीपासून उत्तरेकडे सरकत झालं, आणि नटांना पुढचं पान आधी दिलं जात नव्हतं. असं का करायचं? नवखा नट ‘पुढे काय होणार’ हे माहीत असलं की चेहऱ्यावर तयारी आणतो. न सांगता उभा केला की त्याला समोरच्याकडे बघावंच लागतं. लेनच्या चेहऱ्यावर हे सतत दिसतं, ती ऐकते. लबफची गोष्ट उलटी. भुवईत कडी, मागे उंदराच्या शेपटीसारखी वेणी, पँटला गॅलस, असा तो जेक आधीच ‘रंगवलेला’ येतो. ते खटकायला हवं होतं, पण इथे पथ्यावर पडलंय. जेक हा अष्टौप्रहर नाटक करणारा विक्रेता आहे आणि सगळ्या हौशी पोरांत एकटाच कसलेला नट असणं त्या भूमिकेला शोभतं. गोंधळ फक्त त्याच्या संतापाच्या प्रसंगांत होतो, तिथे आवाज दोन पट्ट्या जास्तच चढतो.

या रीतीची किंमतही आहे. टोळीतल्या डझनभर पोरांपैकी सिनेमा संपल्यावर नावानिशी किती आठवतात? पेगन, कोरी, फार तर आणखी एखादं. बाकीची खळखळतात, गातात, पण माणसं होत नाहीत. एवढ्या लांबीत प्रत्येकाला दोन-दोन मिनिटं देणं अवघड नव्हतं.

गाणी. पार्श्वसंगीत म्हणावं असं या सिनेमात जवळजवळ नाही. जे वाजतं ते व्हॅनच्या स्पीकरवर, दुकानात, बारमध्ये, कुणाच्या तरी ट्रकमध्ये. संकलक ज्यो बिनीने गाणी तोडून-जोडून मूड बनवलेला नाही. गाणं पुरतं वाजू दिलंय, पोरं त्याबरोबर ओरडून गातात. ई-फॉर्टीचं ‘चॉइसेस’ हे त्यांचं जणू प्रार्थनागीत. ‘होय’-‘नाही’चा घोष करणारं हे रॅप, ज्यांच्यापुढे निवडीचा प्रश्नच नाही अशा पोरांनी तारस्वरात म्हणायचं, यातली खोच कुणी समजावून सांगत नाही हे बरं. ट्रक ड्रायव्हरच्या केबिनमध्ये जुन्या पिढीतला रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन याच्या आवाजात ‘ड्रीम बेबी ड्रीम’ लागतं तेव्हा पहिल्यांदा पिढी बदलते, आवाजही खाली येतो. आणि शीर्षकाचं गाणं, लेडी अँटेबेलमचं २०१० चं गोग्गोड कंट्री (अमेरिकेतलं ग्रामीण वळणाचं संगीत), इतक्या उशिरा येतं की तोवर त्यातल्या मधाला वेगळीच चव चढलेली असते. रॅप आणि कंट्री एकाच व्हॅनमध्ये, एकाच घशातून निघणं ही अमेरिकेच्या मध्यभागाची नेमकी नोंद आहे. बाहेरून पाहणाऱ्याला रॅप ऐकणारे आणि कंट्री ऐकणारे हे दोन समाज वेगळे वाटतात.

विक्रीचे प्रसंग मात्र एकसारखे उतरलेले नाहीत. उत्तम आहे तो पहिलाच. कॅन्सस सिटीच्या श्रीमंत उपनगरात, मुलीच्या वाढदिवसाच्या गडबडीत असलेल्या एका देवभोळ्या बाईच्या घरात जेक शिरतो. त्याची पद्धत बघण्यासारखी आहे: आधी दार, मग घर, मग बाई यांचा अंदाज घ्यायचा आणि त्या घराला रुचेल असा जेक जागच्या जागी तयार करायचा. मासिकाचं नाव सगळ्यात शेवटी. या धंद्याचा पहिला धडाच हा की मासिक विकायचं नसतं, स्वतःची कहाणी विकायची असते. स्टारला खोटं बोलणं जमत नाही, ती तोंड उघडते आणि सौदा मोडतो. सिनेमाचा खरा झगडा इथे बीजरूपाने आहे. पुढे ती विकायला शिकते, पण जेकसारखी नाही. ती खोटी गोष्ट सांगत नाही, त्याऐवजी स्वतःच गाडीत जाऊन बसते.

आणि इथे सिनेमाची रचना पकडता येते. स्टार अनोळखी पुरुषांच्या गाडीत तीनदा चढते. पहिल्यांदा पांढऱ्या हॅटवाल्या तीन प्रौढ काउबॉयांच्या उघड्या गाडीत. ते तिला तरणतलाव असलेल्या घरी नेतात, मांस भाजतात, तळाशी अळी असलेली मेझकाल दारू पाजतात. दुसऱ्यांदा एका ट्रक ड्रायव्हरच्या केबिनमध्ये. तिसऱ्यांदा तेलविहिरींच्या मुलखात, रात्री, एका कामगाराच्या पिकअपमध्ये, क्षितिजावर वायूच्या ज्वाळा भडकत असताना. तिन्ही वेळा आपले हात आवळले जातात. अर्नल्ड आपल्याला घाबरायला शिकवते, आणि पहिल्या दोन वेळा भीती खरी ठरत नाही. काउबॉय पैसे देतात, बंदूक काढतो तो जेक. ट्रकवाला तर स्वप्नांबद्दल बोलतो, आणि ते संभाषण या अख्ख्या सिनेमातलं सगळ्यात निवांत आहे. तिसरा प्रसंग घाणेरडा आहे, पण तिथेही हिंसा होत नाही, सौदा होतो, आणि सिनेमा स्टारला दुबळी ठरवत नाही.

म्हणजे अनोळखी माणसं वाटतात तेवढी वाईट नाहीत. मान्य. मग धोका कुठे आहे? या टोळ्यांच्या नोंदी वाचल्या की उत्तर सरळ मिळतं: व्हॅनमध्ये. २५ मार्च १९९९ रोजी विस्कॉन्सिन राज्यात जेन्सविलजवळ मासिकं विकणाऱ्या पोरांची अशीच एक व्हॅन भरधाव वेगात उलटली. आत १४ जण होते, ७ मेले. ड्रायव्हरकडे वैध परवाना नव्हता, पोलिसांची गाडी दिसताच चालत्या व्हॅनमध्ये त्याने दुसऱ्याशी जागा बदलायचा प्रयत्न केला. पुढे त्या राज्याने २००९ मध्ये अशा फिरत्या विक्री-टोळ्यांसाठी वेगळा कायदा केला. या व्हॅनची जातच मुळात धोक्याची आहे. १५ जणांच्या व्हॅनमध्ये दहा किंवा जास्त माणसं बसली की वजन मागे आणि वर सरकतं, आणि एकट्या गाडीच्या अपघातात ती उलटण्याचं प्रमाण हलक्या भरलेल्या व्हॅनच्या जवळपास तिप्पट होतं, असा इशारा अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा विभागाने २००१ मध्येच दिला होता. दुसरा धोका मुकादमाचा: मारहाण, पैसे अडकवणं, नको झालेल्या पोराला अनोळखी गावात तिकिटाविना सोडून देणं. मानवी तस्करीवर काम करणाऱ्या ‘पोलारिस’ या संस्थेने २०१५ मध्ये, म्हणजे या सिनेमाचं चित्रीकरण झालं त्याच वर्षी, या टोळ्यांवर स्वतंत्र अहवाल काढला.

सिनेमात व्हॅन म्हणजे आनंदाची जागा. सीटवर वळून गाणारी, पिणारी, उघड्या खिडकीतून हात बाहेर काढणारी पोरं, आणि त्यांच्यावर सांजेचं सोनेरी ऊन. क्रिस्टल या व्हॅनमध्ये बसत नाही, तिची गाडी वेगळी, आणि जेक बराच वेळ त्या गाडीत. ही विभागणी अर्नल्डने अचूक टिपली आहे. पण त्यातून जे निष्पन्न व्हायला हवं तिकडे ती जात नाही. हिशोबाची वही एकदाही आपल्यासमोर नीट उघडत नाही. किती विकलं, किती कापलं, हातात काय आलं, हे एका पोराच्या बाबतीत जरी आकड्यांत दिसलं असतं, तरी व्हॅनमधल्या त्या गाण्यांचा अर्थ पालटला असता. ‘लूझर नाइट’ आहे: आठवड्यात सगळ्यात कमी विक्री करणाऱ्या दोघांनी सगळ्यांसमोर एकमेकांशी मारामारी करायची. खऱ्या टोळ्यांत अशा शिक्षा होत. इथे तो प्रसंग जल्लोषात निघून जातो, दुसऱ्या दिवशी कुणाच्या ओठावर टाका दिसत नाही.

दुसरी पळवाट वर्णाची. स्टार सावळी, मिश्र वंशाची, जटा वळलेली. ती गोऱ्या, गडगंज वस्त्यांत एकटी दारं ठोठावते. अमेरिकेत अशा वस्तीत पोलिसांना फोन जायला किती वेळ लागतो, हे अर्नल्डला ठाऊक नसेल असं नाही. झेंड्याची बिकिनी स्टारसमोर आणून ठेवणारी दिग्दर्शिका विषय टाळत नाहीये हेही दिसतं. पण सिनेमा त्यावर एक शब्द बोलत नाही. काहींना हा संयम वाटतो. या सिनेमाच्या बाबतीत ती हातचं राखण्याची सवय वाटते.

आता लांबी. पहिला तास घट्ट आहे, एकही प्रसंग काढता येणार नाही. काउबॉयांच्या घरापासून पुढे जेक-स्टारचं भांडण, समेट, मीलन, पुन्हा भांडण असं चक्र सुरू होतं आणि दोन फेऱ्यांनंतर नवं काही कळेनासं होतं. कात्री लावायची तर तिथे, वीसेक मिनिटं सहज. पुनरावृत्ती हा टोळीच्या आयुष्याचा स्वभाव आहे हा बचाव अर्धवट टिकतो. विक्रीची पुनरावृत्ती अर्थ वाढवते, प्रेमाची वाढवत नाही. यातून सिनेमा परत उठतो तो एका पडक्या घरात. आई नशेत पडलेली, पोरं एकटी, शीतपेटीत थंड पेयाच्या बाटलीपलीकडे काही नाही. स्टार काही न विकता बाहेर पडते आणि वाणसामान घेऊन परत येते. सुरुवातीला मागे सोडून आलेल्या त्या दोन मुलांचं नावही निघत नाही. कचऱ्यातली कोंबडी आठवते तेवढी पुरे.

प्राण्यांचं मात्र अती झालंय. काचेवर अडकलेली माशी, पेल्यात धरून सोडलेली मधमाशी, कुणाच्या तरी खिशातली उडती खार, आणि एकदा तर चक्क अस्वल. मुक्ततेची ही प्रतीकं सुटी-सुटी सुंदर आहेत, एकत्र आल्यावर शिक्षिकेने फळ्यावर लिहून द्यावं तशी होतात. शेवटी एक कासव येतं, त्यालाच फक्त गोष्टीत खरं काम आहे. काय काम ते इथे सांगत नाही.

पाहताना काही गोष्टी सांभाळाव्यात. टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येणारच, ती बिघाडाची खूण नव्हे. पडदा भरण्यासाठी ‘झूम’ किंवा ‘स्ट्रेच’ चालू केलं तर वरचं आभाळ आणि खालचे हात कापले जातील, म्हणजे सिनेमाच कापला जाईल. टीव्हीतलं ‘मोशन स्मूदिंग’ बंद ठेवा, हातातल्या कॅमेऱ्याची थरथर त्याने मालिकेसारखी गुळगुळीत होते. इंग्रजी कितीही पक्कं असलं तरी सबटायटल लावा. पाच जण एकदम बोलतात, उच्चार ओक्लाहोमा-टेक्सासच्या वळणाचे आहेत, आणि गाण्यांचे शब्द हा संवादांचाच भाग आहे. शक्यतो गाण्यांचे शब्दही देणारी, कर्णबधिरांसाठीची सबटायटल निवडा. आवाज थोडा चढाच ठेवा, व्हॅनमधलं संगीत आणि बाहेरची शांतता यातला फरक हळू आवाजात मरतो.

अमेरिकेत याला ‘आर’ प्रमाणपत्र आहे: उघड शरीरसंबंध, नग्नता, अमली पदार्थ आणि अखंड शिव्या. घरात सगळ्यांसोबत बसून पाहण्याचा हा सिनेमा नव्हे, आणि शीर्षक वाचून किशोरवयीन मुलांना लावून देण्याचा तर मुळीच नव्हे. दोन बैठकांत पाहायचा असेल तर थांबण्याची जागा आहे. काउबॉयांच्या घरातून निघून जेक आणि स्टार पळवलेल्या गाडीतून एकटेच उरतात, त्यानंतर थांबा. मधल्या ढिल्या भागाला मग ताज्या डोळ्यांनी सामोरं जाता येतं.

फक्त साशा लेनसाठी पाहायचा म्हटलं तरी वेळ वाया जात नाही. कथानक, उकल, न्याय यांची अपेक्षा असेल तर आजच पाहायला नको. आणि पहिल्यांदा पाहून आवडला असेल, तर दुसऱ्यांदा तो गाण्यांसाठी पाहू नका. मोटेलच्या खोल्यांतले क्रिस्टलचे प्रसंग तेवढे लागोपाठ पाहा: भरतीचा, बिकिनीचा, आणि उशिरा येणारा तो, ज्यात जेक आणलेल्या प्रत्येक मुलीमागे पैसे घेतो हे ती स्टारला सहज बोलल्यासारखं सांगून टाकते. सिनेमाभर न उघडलेल्या वहीतली एवढी एक ओळ तरी ती वाचून दाखवते.